विश्लेषण : वीज उपनगरांची, राख डहाणूची! संवेदनशील जमिनीवरील ऊर्जा प्रकल्पांविरोधात न्यायालयात गेल्यावर नेमके काय होते?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ अनेक मुंबईकरांच्या लक्षात असेल. दहाच्या सुमारास वीज गेली ती एखाद्या सोसायटीची किंवा वॉर्डाची नव्हे, तर जवळजवळ अख्ख्या शहराची. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले, करोनाकाळात घरून काम करणाऱ्यांचे वायफाय गेले. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

अशा वाहिन्या वाढवायच्या तर त्या कुठून तरी न्याव्या लागणार. मुंबईच्या एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेचे जंगल, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी, वर वसई खाडी आणि त्यांच्या काठाने खारफुटी. यातील बरीच जमीन सरकारी आणि कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वीज प्रकल्पाची फाइल कधी ना कधी न्यायालयात पोहोचते. तिथे पुढे काय होते? न्यायालय प्रकल्प थांबवते का? थांबवत नसेल, तर याचिका करण्याचा उपयोग काय? उपनगरांच्या विजेशी जोडलेल्या तीन प्रकरणांतून हे समजून घेऊ.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडची वीज येते कुठून?

अंधेरी, बोरिवली किंवा घाटकोपरमधील घराचे बिल बहुधा अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवरचे असते. मुलुंड-भांडुप पट्ट्यात महावितरण वीज देते. बिलावर कंपनीचे नाव असते, पण वीज कुठे तयार झाली हे लिहिलेले नसते.

पश्चिम उपनगरांसाठी या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे : डहाणू. १९२९ मध्ये स्थापन झालेली ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ म्हणजे बीएसईएस ही कंपनी अनेक दशके फक्त वितरण करत होती. उपनगरे वाढली तशी स्वतःच्या वीजनिर्मितीची गरज निर्माण झाली आणि कंपनीने मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर, डहाणूच्या खाडीकाठी प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांचा कोळशावर चालणारा प्रकल्प उभारला. १९९५ मध्ये तो सुरू झाला. तिथून २२० केव्हीच्या वाहिन्यांनी वीज घोडबंदर आणि वर्सोव्याच्या उपकेंद्रांत येते. बीएसईएस २००३ मध्ये रिलायन्सकडे आणि उपनगरांचा हा वीज व्यवसाय २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला.

पण मुंबईची उन्हाळ्यातील कमाल मागणी आता ४ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. शहरात आणि डहाणूत तयार होणारी वीज त्याला पुरत नाही. म्हणून उरलेली वीज राज्याच्या ग्रिडमधून आणावी लागते. थोडक्यात, १९९० च्या दशकात वाद वीज केंद्राच्या जागेवर होता, आज तो वीजवाहिन्यांच्या मार्गावर आहे.

सरकारी जमीन प्रकल्पाला ‘मिळते’ म्हणजे काय होते?

वनजमीन कंपनीला विकली जात नाही. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्यानुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय राज्य सरकारला वनजमीन वनेतर कामासाठी वापरू देता येत नाही. खासगी व्यक्ती किंवा कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यासाठीही हीच परवानगी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव बदलले आणि काही सवलती आल्या, पण पूर्वपरवानगीचा गाभा कायम आहे.

परवानगी मिळाली तरी कागदोपत्री जमीन ‘वन’च राहते. प्रकल्पाला ती ठरावीक कामासाठी आणि अटींवर वापरता येते. त्याबदल्यात जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते आणि दुसरीकडे पर्यायी वनीकरण करावे लागते. खारफुटी असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते.

यातील प्रत्येक परवानगी हा सरकारी निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णयाला आव्हान देता येते. न्यायालयीन लढाई साधारणपणे इथूनच सुरू होते.

डहाणूत याचिकाकर्ते हरले होते का?

हो, पहिल्या फेरीत हरले होते.

डहाणू म्हणजे चिकूच्या बागा, मच्छीमार गावे आणि वारली पाडे. तिथे कोळशाचे वीज केंद्र नको, अशी स्थानिकांची मागणी होती. केंद्राने १९८९ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी दिली. ‘डहाणू तालुका एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन ग्रुप’ने तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९० मध्ये याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९९१ मध्ये तिथेही मंजुरी कायम राहिली.

या निकालातील एक सूत्र आजही अशा प्रकरणांत दिसते. विकासाची गरज आणि पर्यावरणाचे रक्षण यांचा तोल साधणे हे मुख्यतः सरकारचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालय एवढेच तपासणार की सरकारने सर्व महत्त्वाच्या बाबी विचारात घेतल्या का, काही दडपले किंवा दुर्लक्षिले गेले नाही ना, आणि भलत्याच कारणांनी निर्णय झाला नाही ना.

सोप्या शब्दांत सांगायचे तर, ‘ही जागा योग्य आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर न्यायालय सहसा देत नाही. ‘हा निर्णय योग्य पद्धतीने झाला का?’ याचे उत्तर देते. जागाच चुकीची आहे असे मानणाऱ्या स्थानिकांच्या पदरी अनेकदा निराशा येते, ती यामुळे.

मात्र त्याच निकालात एक गोष्ट याचिकाकर्त्यांच्या बाजूने होती. प्रकल्पाला दिलेल्या मंजुरीत ‘फ्लू गॅस डिसल्फरायझेशन’ म्हणजे एफजीडी यंत्रणा बसवण्याची अट होती. परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय ही अट शिथिल करू नये, असे न्यायालयाने बजावले. तेव्हा ही बाब फारशी गाजली नाही. पुढची सगळी लढाई मात्र याच अटीवर झाली.

मग १९९६ मध्ये काय बदलले?

निकालानंतर तीन महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांसाठी कमाल ५०० एकर जागेची मर्यादा आली आणि भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठरवण्यात आला. वीज केंद्राला मात्र आधीच मंजुरी मिळाली होती.

अधिसूचना कागदावरच राहते आहे, अशी तक्रार घेऊन पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ‘नीरी’ या संशोधन संस्थेकडून अहवाल मागवला आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे आदेश दिले. १९ डिसेंबर १९९६ रोजी ‘डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण’ स्थापन झाले. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, या पदावर राहिले.

१९९१ चा निकाल आणि १९९६ चा आदेश यांत फरक हा की, पहिल्यात अट होती, पण ती पाळली जाते का हे रोज पाहणारे कोणी नव्हते. दुसऱ्याने त्यासाठी यंत्रणा दिली. तिच्यासमोर सुनावण्या होत, स्थानिकांना तिथे जाऊन बोलता येई आणि कंपनीला तिथे उत्तर द्यावे लागे.

एका यंत्रणेसाठी १२ वर्षे का लागली?

कोळशात गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो श्वसनाला त्रासदायक असतो आणि हवेतील बाष्पाशी मिसळून आम्ल तयार होते, ते पिकांवर पडते. चिकूच्या बागायतदारांना हीच भीती होती. एफजीडी यंत्रणा धुराड्यातून बाहेर पडण्याआधीच हा वायू धुरातून काढून घेते. डहाणूत त्यासाठी समुद्राचे पाणी वापरले जाते. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असल्याने ते हा आम्लधर्मी वायू शोषून घेते.

ही यंत्रणा महाग असते आणि चालवायलाही वीज लागते. संच १९९५ मध्ये सुरू झाले तेव्हा ती बसवलेली नव्हती. प्राधिकरणाने १२ मे १९९९ रोजी ती बसवण्याचा आदेश दिला. त्यानंतर खर्च, तंत्रज्ञान आणि मुदत यांवरून वाद चालू राहिले. कंपनीकडून कोट्यवधी रुपयांची बँक हमी घेण्यापर्यंत प्रकरण गेले. अखेर २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. केंद्र सुरू झाल्यापासून तोवर १२ वर्षे उलटली होती.

या १२ वर्षांकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एवढा काळ डहाणूच्या लोकांनी गाळणी नसलेल्या धुराड्याखाली काढला, हे एक. आणि देशातील बहुतांश कोळसा केंद्रांत अशी यंत्रणा नसताना डहाणूत ती बसली, हे दुसरे. केंद्राने २०१५ मध्ये देशभरातील औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर दाट लोकवस्तीच्या मोठ्या शहरांपासून आणि प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या बहुतेक केंद्रांना धुराड्याच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर यातून सूट दिली. डहाणूत मात्र ती सूट येण्याच्या १८ वर्षे आधीच यंत्रणा बसली होती, कारण तिथली अट न्यायालयाच्या आदेशात नोंदलेली होती आणि तिचा पाठपुरावा झाला होता.

वीजवाहिन्यांसाठी जनसुनावणी का होत नाही?

वीज केंद्र उभारायचे तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अभ्यास करावा लागतो, जनसुनावणी घ्यावी लागते. वीजवाहिन्या मात्र या अधिसूचनेच्या यादीत नाहीत. म्हणजे ४०० केव्हीची वाहिनी कितीही लांब असली तरी केवळ वाहिनी म्हणून तिला पर्यावरण मंजुरी लागत नाही. ती जंगलातून गेली तर वन मंजुरी, खाडीतून गेली तर सीआरझेड, अभयारण्यातून गेली तर वन्यजीव मंजुरी एवढेच टप्पे राहतात.

याचा परिणाम असा की एकाच वाहिनीची तुकड्या-तुकड्यांत तपासणी होते. पूर्ण मार्गाचा एकत्रित विचार करून ‘दुसरा मार्ग नाही का?’ असे विचारण्याची हक्काची जागा नागरिकांना मिळत नाही. ४०० केव्हीच्या वाहिनीसाठी जंगलात साधारण ४६ मीटर रुंद पट्टा धरला जातो, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न किरकोळ नाही.

मुंबईत ही उणीव काही प्रमाणात भरून निघते ती उच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे.

खारफुटीचे प्रकरण दर वेळी उच्च न्यायालयात का जाते?

‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटी तोडण्यास अंतरिम मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. खारफुटी नष्ट करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे त्यात म्हटले आहे. खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे.

याला एकच वाट ठेवली आहे : सार्वजनिक हितासाठी ते अपरिहार्य आहे, असे न्यायालयाला पटले पाहिजे. म्हणून महाराष्ट्रात सगळ्या सरकारी परवानग्या हातात असल्या तरी खारफुटीचे झाड तोडण्याआधी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. इतर ठिकाणी प्रकल्प रोखण्यासाठी नागरिकांना न्यायालयात जावे लागते. इथे आपला प्रकल्प गरजेचा आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रकल्पवाल्यांना जावे लागते.

सिद्ध करणे तितके अवघड जात नाही, हेही खरे. वीज, रेल्वे, रस्ते यांसाठी ‘सार्वजनिक हित’ सहज मान्य होते. तरीही या चाळणीचा धाक आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मूळ आराखड्यात खारफुटीची सुमारे ५३ हजार झाडे जाणार होती. आराखडा बदलल्यावर आकडा २२ हजारांच्या आत आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला परवानगी दिली.

आरे-कुडूस वाहिनीचा वाद नेमका काय होता?

आज उपनगरांसाठी सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प म्हणजे पालघर जिल्ह्यातील कुडूस ते गोरेगावच्या आरेपर्यंतची १ हजार मेगावॅटची ‘एचव्हीडीसी’ म्हणजे उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी. एकूण लांबी सुमारे ८० किलोमीटर, त्यातील सुमारे ५० किलोमीटर भूमिगत.

एकदिश प्रवाहच का? आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती म्हणजे एसी असते. एसी वीज लांबवर भूमिगत केबलमधून नेली तर केबल स्वतःच धारित्रासारखी वागते आणि तिची बरीच क्षमता स्वतःला भारित करण्यातच खर्ची पडते. डीसी विजेला ही अडचण येत नाही. शिवाय कमी रुंद पट्ट्यातून जास्त वीज नेता येते. म्हणून दोन्ही टोकांना रूपांतरण केंद्रे बांधावी लागली, खर्च वाढला, तरी दाट वस्ती आणि जंगल असलेल्या शहरासाठी हा पर्याय सोयीचा ठरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती ५ डिसेंबर २०१६ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागू आहे. अशा क्षेत्रांत वीजतारा भूमिगत टाकण्याला प्रोत्साहन द्यावे, असेच धोरण आहे.

गंमत अशी की या प्रकल्पावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला मोठा खटला जंगलाचा नव्हताच. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये अदानी समूहातील कंपनीला पारेषणाचा परवाना दिला. हजारो कोटींचे काम स्पर्धात्मक निविदेशिवाय कसे दिले, असे विचारत टाटा पॉवरने आव्हान दिले. अपिलीय न्यायाधिकरणाने ते फेटाळले आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. वीज कायदा २००३ नुसार निविदा हा एकमेव किंवा प्रमुख मार्ग नाही, कोणता मार्ग घ्यायचा हे राज्य आयोग ठरवू शकतो, असे न्यायालयाने सांगितले.

निसर्गाचा मुद्दा वेगळ्या टप्प्यावर आला. वाहिनीच्या मार्गात वसई खाडीच्या भागात सुमारे एक किलोमीटरचा खारफुटीचा पट्टा येतो. २०१८ च्या निकालामुळे कंपनीला उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०९ झाडे तोडण्याची परवानगी मिळाली. मुंबईची वाढती मागणी आणि सध्याच्या वाहिन्यांची अपुरी क्षमता हे मुख्य कारण होते.

म्हणजे एका प्रकल्पाचे दोन भाग झाले. काम कुणाला मिळावे यावर दोन बड्या कंपन्यांनी दिल्लीपर्यंत लढत दिली. वाहिनी कुठून जावी, हा प्रश्न खारफुटीच्या एका किलोमीटरपुरता तपासला गेला.

इतरत्र काय घडले?

गोव्यात मोले परिसरातील भगवान महावीर अभयारण्यातून ४०० केव्हीची तमनार वाहिनी जाणार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात जंगलातून नवा पट्टा पाडण्याऐवजी आधीच असलेल्या २२० केव्ही वाहिनीचा पट्टा वापरावा, असे सुचवले. तिथेही प्रकल्प रद्द करण्याची शिफारस झाली नाही, पण मार्ग बदलण्याची झाली.

हरित ऊर्जाही याला अपवाद नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनचक्की प्रकल्पाला दिलेल्या वनजमिनीवर बोट ठेवले होते. ऊर्जा कोळशाची असो वा वाऱ्याची, जमीन कुणाची आणि कशी दिली हा प्रश्न तोच राहतो.

अमेरिकेतही न्यायालये मुख्यतः प्रक्रियाच तपासतात. मेक्सिकोच्या आखातातील सुमारे ८ कोटी एकर सागरी क्षेत्र तेल-वायूसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा लिलाव नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. हवामानावरील परिणामांचा हिशेब नीट मांडला नाही म्हणून जानेवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तो रद्द केला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ते भाडेपट्टे पुन्हा बहाल केले. तिथे पर्यावरणवादी खटला जिंकले तरी भाडेपट्टे कायम राहिले. डहाणूत ते खटला हरले, पण अट टिकली.

मग न्यायालयात जाऊन उपयोग काय?

या प्रकरणांतून दिसते ते असे. प्रकल्प कायमचा रद्द होणे दुर्मीळ आहे. मार्ग बदलणे, झाडांचा आकडा कमी होणे, तारा भूमिगत होणे, प्रदूषण रोखणारी यंत्रणा बसणे हे अधिक वेळा घडते. पण यातले काहीही आपोआप होत नाही. अट आदेशात लिहिलेली असणे ही पहिली पायरी. ती पाळली जाते का हे पाहणारी, अधिकार असलेली आणि लोकांना जिथे जाता येते अशी यंत्रणा ही दुसरी.

अशी यंत्रणाही कायम तशीच राहते असे नाही. वाढवण येथे बंदर नको, असे डहाणू प्राधिकरणाने १९९८ मध्ये म्हटले होते. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना हरकत दिली. सदस्य बदलतात, सरकारचे धोरण बदलते, प्रकल्पाचे स्वरूप बदलते. त्यामुळे एकदा मिळालेले संरक्षण गृहीत धरता येत नाही.

सामान्य नागरिकाने काय लक्षात ठेवावे?

- मुदत : वन किंवा पर्यावरण मंजुरीविरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यानंतर दार बंद होते. महाराष्ट्रासाठी लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.
- कागद : मंजुरीचे अर्ज, नकाशे आणि अटी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. ‘या प्रकल्पाला परवानगी आहे का?’ यापेक्षा ‘परवानगीत अटी कोणत्या आहेत?’ हे पाहणे अधिक उपयोगाचे.
- अहवाल : पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो संकेतस्थळावर सापडला नाही तर माहिती अधिकारात मागता येतो.
- खारफुटी : परवानगीपेक्षा जास्त तोड किंवा भराव दिसला तर तारखेसह फोटो काढून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करता येते.

पुढे काय?

उपनगरांत जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, मेट्रोच्या मार्गिका वाढत आहेत, विजेवरच्या गाड्या येत आहेत. मागणी कमी होणार नाही. ऑक्टोबर २०२० सारखी सकाळ पुन्हा कुणालाच नको आहे. त्यामुळे नव्या वाहिन्या येतील, त्या खाडी आणि जंगलाजवळून जातील आणि पुन्हा न्यायालयात अर्ज होतील.

त्या वेळी ‘परवानगी मिळाली’ एवढीच बातमी होईल. आदेशाच्या शेवटच्या पानांवर अटी असतील : किती झाडे लावायची, कुठे, किती वर्षांत आणि हिशेब कुणाला द्यायचा. डहाणूच्या एफजीडीची अटही अशीच एका मंजुरीच्या कागदावर होती. ती धुराड्यापर्यंत पोहोचली, कारण काही माणसे ती अट १२ वर्षे विसरली नाहीत.